कोणत्या दारानं?

रेनेटाच्या आईला कुठंही न्यायचं म्हटलं की ती आधी एकच गोष्ट विचारायची, "कोणत्या दारानं?"

दवाखाना असो, बँक असो, नाहीतर जॉर्जियातल्या मेकन शहरातला नवा मॉल असो. पर्स काखेत, टोपी डोक्यावर ठाकठीक, आणि गाडी सुरू व्हायच्या आत प्रश्न हजर. लहानपणी रेनेटाला त्याची भारी लाज वाटे. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे आईनं काउंटरवरच्या पोरीला हेच विचारलं होतं. ती गोरी पोर, पुरती विशीचीही नसेल, बावचळून म्हणाली, "हे काय, याच दारानं, मॅम. तुम्ही आलात की आत." मागं बाकावर बसलेलं कुणीतरी हसलं होतं. अकरा वर्षांच्या रेनेटाला तेव्हा धरणी दुभंगावी असं झालं होतं.

आता रेनेटा तेहतीस वर्षांची होती. साडेतीन वर्षांच्या ओपलची आई. ओपल जेवणानंतर एक वाजता झोपायची आणि नशीब बरं असेल तर सव्वादोनला उठायची. नवरा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर. तेव्हा हा सव्वा तास म्हणजे रेनेटाची सगळी जहागीर. गेले पंधरा दिवस ती तो आईच्या सहलीवर उधळत होती.

आईच्या डोळ्यांत काचबिंदू होता. कागदाची नळी करून तिच्यातून जग बघावं तसं तिला दिसायचं, आणि नळी दर महिन्याला अरुंद होत चालली होती. जानेवारीत डॉक्टरांनी रेनेटाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उन्हाळ्याची वाट बघू नका. काय दाखवायचं ते एप्रिलपर्यंत दाखवून घ्या."

काय दाखवायचं, याचा विचार रेनेटाला करावाच लागला नाही. ते तिला तिच्या जन्मापासून ठाऊक होतं.

समुद्रकाठच्या पोर्ट ॲशबी गावात ट्रॅडवेल मंडळींचं मोठं घर होतं. रेनेटाची आजी हेस्टर तिथं एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. आईचं बालपण त्याच घराच्या मागच्या अंगणात गेलं. सातव्या वर्षापासून दर शनिवारी पुढच्या दाराच्या नऊ पांढऱ्या पायऱ्या घासायचं काम आईचं. खालून सुरुवात करून वरपर्यंत यायचं, नवव्या पायरीवर उंबरठा हाताला लागायचा, आणि तिथून बादली घेऊन परत फिरायचं. आत फक्त हेस्टर जायची, तीही मागून, चहाचा ट्रे घेऊन. रात्री लेकीचे केस विंचरताना ती दिवाणखान्याचं छत सांगायची. निळं आकाश रंगवलंय. त्यात पाखरं आहेत. सोळा. पंधरा एकीकडं उडतात अन् एक उलटं.

"उलटं का गं?" आई विचारायची.

"काहीतरी विसरलं असेल घरी."

पंचाहत्तर वर्षांची झाली तरी आईच्या डोक्यातून ते उलटं पाखरू गेलं नव्हतं. दोन्ही मुलींना तिनं झोपवलं ते याच पाखराच्या गोष्टी सांगून. ते घर आता पाहुण्यांना राहायला देतात, हे रेनेटानं दोन वर्षांपूर्वी वाचलं, तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं. आईनं डोळे मिटायच्या आत, म्हणजे डोळ्यांतली नजर विझायच्या आत, नऊ पायऱ्या चढून आत जायचं आणि मान वर करून ती सोळा पाखरं मोजायची.

नुसतं तिथंच नेलं तर आई येणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. "एवढ्यासाठी पेट्रोल जाळायचं?" म्हणेल. म्हणून मग सहल. पेट्रोल पंपावरून आणलेला भलामोठा कागदी नकाशा तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. मोठे हायवे टाळले. जुने दुपदरी रस्ते धरले, ज्यांवर ओकच्या झाडांची कमान होते आणि फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबतात. आधी मॅडिसनची पांढऱ्या खांबांची घरं. मग सव्हाना आणि तिथले चौक. मग नदी ओलांडून ब्यूफोर्टची खाडी, तिथून पोर्ट ॲशबी, आणि शेवटी चार्ल्सटन. एप्रिलमध्ये अझेलिया फुललेल्या असणार. एवढा भडक रंग आईला नळीतूनही दिसेल. पेननं काढलेली रेघ मात्र आईला दिसेना. तेव्हा रेनेटानं ओपलच्या टोपीतली उरलेली लाल लोकर घेतली, मैद्याची खळ शिजवली आणि रस्त्यारस्त्यावरून ती लोकर चिकटवली. वळण आलं की लोकर वळायची. खळ लावायचं काम ओपलचं. तिनं निम्मं जॉर्जिया चिकट करून ठेवलं.

रविवारी चर्चवरून आई थेट इकडंच आली. जांभळी टोपी काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि नकाशावर बोटं टेकली.

"हे काय, गांडूळ?"

"रस्ता आहे, आजी!" ओपल ओरडली. "मी केलाय!"

"तरीच एवढी वळणं आहेत." आईचं बोट लोकरीवरून हळूहळू सरकत निघालं. "हे कुठलं?"

"मॅडिसन," रेनेटा म्हणाली. "तिथं दुपारचं जेवण. चौकात एक छान जागा आहे, तळलेले हिरवे टोमॅटो…"

"कोणत्या दारानं?"

फोन स्पीकरवर ठेवला होता, अटलांटाहून थोरली बहीण जोनेल ऐकत होती. ती फस्सकन हसली. "चला! झाली सुरुवात."

"तू गप गं. विचारावं लागतं माणसानं. हे पुढचं?"

"सव्हाना. दोन रात्री."

"तिथं कोणत्या…"

"आई, पुरे ना!" रेनेटाचा आवाज चढला तशी ओपल खळीचा ब्रश तोंडात घालायची थांबली. रेनेटा वरमली, पण बोलायची थांबली नाही. "काळ्यांनी मागच्या दारानं यायचं, हे संपून साठ वर्षं झाली. सगळी दारं आपलीच आहेत आता. कुणी विचारत नाही असं. मला लाज वाटते."

आईनं टोपीवरची पिन काढून पुन्हा खोचली.

"नेटा," जोनेल फोनमधून म्हणाली, "मला एक सांग. लोकं त्या गुलामांच्या मळ्यांवरच्या घरांत लग्नं लावतात, झाडांना दिव्यांच्या माळा लावतात, अन् कुणाच्या पाठीवर ते घर उभं राहिलं ते विचारत नाहीत. आणि तू आईला तिथंच सुट्टीला नेणार? त्यापेक्षा समुद्रावर ने की. वाळूला दार नसतं."

"तुला नसेल यायचं तर येऊ नकोस."

"मी येणारच आहे. तुमचं भांडण बघायला कुणी हवं ना."

आईचं बोट तोवर ब्यूफोर्ट ओलांडून पुढं गेलं होतं. लोकर एका ठिकाणी गाठ होऊन थांबली होती. गाठ रेनेटानं मुद्दाम मारली होती.

"इथं काय आहे?"

रेनेटाला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण रडणार. प्रत्यक्षात ती हसू दाबत होती. "ट्रॅडवेलांचं घर. खोली घेतलीये मी, आई. दोन रात्री. पक्कं झालंय सगळं."

बाहेर शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकलं, आईनं त्या बाजूला मान वळवली, पुन्हा इकडं वळवली.

"त्या घरात?"

"त्या घरात."

"झोपायचं?"

"झोपायचं, उठायचं, कुणीतरी करून दिलेला नाश्ता खायचा. आणि पाखरं मोजायची."

आईनं दोन्ही तळवे त्या गाठीवर दाबून धरले. ती म्हणाली, "निळा ड्रेस नीट करावा लागेल. कमरेत सैल झालाय." आणि मग, अगदी हळू, जणू तिचं तिलाच विचारल्यासारखं, "खोली कुठली गं?"

"बागेतलं कॉटेज. मोठ्या घरातल्या खोल्या भरल्या होत्या, पण हे त्याहून सुंदर आहे. थांब, दाखवते." रेनेटानं लॅपटॉप आणला, फोटो पडदाभर मोठा केला. आईनं भिंग डोळ्याला लावलं आणि नाक पडद्याला टेकेल इतकी वाकली. नळीतून तुकड्यातुकड्यानं बघत गेली. पांढरा पलंग. आंघोळीचा टब. विटांची जुनी भिंत. मोठी थोरली चूल, तिच्यात मेणबत्त्या मांडलेल्या, आणि चुलीच्या तोंडाशी वरून लोंबणारा काळा लोखंडी आकडा.

आकड्यापाशी भिंग थांबलं.

आईनं डावा हात वर केला आणि कपाळावरचे पांढरे केस मागं सारले. तिथं भुवईच्या वर एक जुना, चंद्रकोरीसारखा व्रण होता. रेनेटानं तो लहानपणापासून हजारदा पाहिला होता. झोप येईना की ओपल आता त्यावरूनच बोट फिरवायची.

"हा," आई म्हणाली. "पाच वर्षांची होते. धावत आले अन् लागला."

"काय लागला?"

"हा आकडा. बाग कसली, पोरी. हे आमचं स्वयंपाकघर. खाली चूल, वरच्या माळ्यावर आम्ही दोघी झोपायचो. जुलैत तर माळा असा तापायचा की आई मला ओल्या पोत्यावर निजवायची."

फोटोखाली लिहिलं होतं: दोघांसाठी निवांत, शांत, प्रणयरम्य.

"नेटा," जोनेलचा आवाज आला. "नेटा, तू विचारलं नाहीस?"

नव्हतं विचारलं. घराचं नाव, तारखा, ओपलसाठी छोटा पलंग, गाडी लावायला जागा, सगळं विचारलं होतं.

सोमवारी ओपल झोपल्यावर रेनेटानं फोन लावला. आई टेबलापाशी शेंगा सोलत बसली होती. रेनेटानं मागच्या पायरीवर जावं म्हणून उठायला घेतलं, पण आईनं नुसतं बोटानं टेबल दाखवलं. स्पीकर.

पलीकडची बाई लाघवी होती. बोलणं असं की पाकात घोळलेलं. मोठ्या घरात खोली? अरेरे, एप्रिल म्हणजे लग्नसराई, ऑक्टोबरपर्यंत काहीच नाही. पण कॉटेज तर पाहुण्यांचं सगळ्यांत लाडकं! नाश्ता टोपलीतून दाराशी येतो, मोठ्या घराकडं फिरकायचीही गरज नाही.

"आम्हाला फिरकायचंय," रेनेटा म्हणाली. "दिवाणखाना बघायचाय. माझ्या आईला ते छत बघायचंय. पाच मिनिटं."

"ते छत ना! गोड आहे ना किती? पण काय आहे, मॅम, मोठं घर फक्त मोठ्या घरातल्या पाहुण्यांसाठी. विम्याचं असतं ते सगळं. पण वाईट वाटून घेऊ नका, कॉटेजमध्ये आम्ही त्या छताचा सुरेख फोटो लावलाय, चुलीच्या अगदी वर. लोक म्हणतात, प्रत्यक्ष बघितल्यासारखंच वाटतं."

आईनं एक शेंग फोडली. दाणे पातेल्यात पडले.

रेनेटानं डोळे मिटले, आणि जो प्रश्न तिनं जन्मात कधी विचारला नव्हता तो विचारला. "कॉटेजला यायचं कोणत्या दारानं?"

"हां! तीच तर मजा आहे. तुम्हाला तुमचं स्वतःचं खासगी प्रवेशद्वार आहे. मागच्या गल्लीतून. इतकं शांत, कुणाच्या नजरेसही पडणार नाही तुम्ही."

आई हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता तिनं डोळे पुसले. "खासगी! खासगीच होतं की ते तेव्हाही. आम्ही दोघी सोडून कुणी वापरत नव्हतं."

"माफ करा, कोण बोललं?" पलीकडची बाई म्हणाली.

"माझी आई," रेनेटा म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून सगळं भसाभसा गेलं: हेस्टर, एकतीस वर्षं, नऊ पायऱ्या, माळा. तिला वाटलं, आता तरी ही बाई ओशाळेल. आता म्हणेल, या, पुढच्या दारानं या.

बाईला आनंदाचं भरतं आलं. "देवा! म्हणजे तुमच्या आई प्रत्यक्ष त्या स्वयंपाकघरात! मॅम, त्या पाहुण्यांशी बोलतील का? शनिवारी सकाळी, बिस्किटं आणि कॉफीबरोबर? लोकांना खरं काही ऐकायला फार आवडतं हो. एक रात्र आमच्याकडून भेट समजा. तिथंच, चुलीपाशी. एप्रन वगैरे आमच्याकडं आहे."

रेनेटा फोन बंद करणार होती. आईनं तिचं मनगट धरलं आणि फोनकडं वाकली. चर्चमध्ये प्रार्थना सांगताना काढायची तो आवाज तिनं काढला.

"बाई, मी ऑर्थेलिया. बोलते मी. तासभर बोलते, हवं तर दोन तास. पण दिवाणखान्यात. त्या छताखाली खुर्ची टाका, आणि मी येणार पुढच्या दारानं. एप्रन घालणार नाही. निळा ड्रेस आहे माझा."

पलीकडून बाई म्हणाली, "मालकांना विचारते हं, मॅम. देव तुमचं भलं करो."

अमेरिकेच्या दक्षिणेत जन्मलेल्या कुणालाही 'देव तुमचं भलं करो' हा गोड शब्दांतला नकार असतो, हे सांगावं लागत नाही. रेनेटाला कळला. आईलाही कळला असणार. तरी आईनं त्याच संध्याकाळी निळा ड्रेस आणला, रेनेटाला शिवायला बसवलं, आणि आरशासमोर उभं राहून, ज्या आरशात तिला स्वतःची हनुवटी तेवढी दिसत होती, कंबर दोन बोटं आत घेतली.

सात दिवस गेले. आईनं रोज विचारलं, "आलं का काही?" आठव्या दिवशी पत्र आलं. रेनेटानं ते मोठ्यानं वाचलं. आधी एकदा मनात वाचायचं सुचलं असतं तर बरं झालं असतं. मालकांना प्रस्ताव अतिशय हृदयस्पर्शी वाटला. परंतु पाहुण्यांचा अनुभव अस्सल राहावा या दृष्टीनं श्रीमती ऑर्थेलिया यांनी स्वयंपाकघरातच बोलणं अधिक योग्य, असं त्यांचं मत पडलं. दिवाणखान्यात त्यांच्या उपस्थितीचा संदर्भ लागणार नाही.

"शेवटचं पुन्हा वाच," आई म्हणाली.

"नको, आई."

"वाच."

रेनेटानं वाचलं.

"बरोबरच आहे की त्यांचं," आई म्हणाली. "मी तिथं कधीच नव्हते."

ती उठली आणि नकाशावर बोटं फिरवत गाठीपर्यंत आली. नखानं गाठीचं टोक उचललं. खळ वाळून दगड झाली होती. लोकर आली, पण कागदाचा पापुद्राही बरोबर आला, आणि पोर्ट ॲशबी होतं तिथं पांढरा डाग राहिला. ओपल ओठ काढून बघत राहिली. "आजी, तू माझा रस्ता मोडलास."

"हो गं बाळा. पुढचाही मोडू?"

"आई, आपण दुसरं काहीतरी करू," रेनेटा म्हणाली. "मी लिहीन कुठंतरी, पेपरला कळवीन, आपण सरळ जाऊन त्या पायऱ्या चढू, बघू कोण अडवतं…"

"आणि पोलिसांच्या गाडीच्या दिव्यात बघू ती पाखरं?" आई खाली बसली. "तू मला दाखवायला निघालीस, पोरी, ते मला कळतं. पण मला ते छत माझ्या आईनं दाखवलंय. केस विंचरताना. त्यांच्याकडं बघायला गेले तर कदाचित चौदाच निघतील."

हे ती रेनेटाची समजूत काढायला म्हणाली होती. रेनेटाला ते कळत होतं, कारण बोलताना आईची मान आपोआप मागं कलली होती आणि ती रेनेटाच्या स्वयंपाकघराच्या छताकडं बघत होती. त्या छतावर पाण्याच्या गळतीचा पिवळा डाग होता. तो आईला दिसत होता की नाही, कोण जाणे.

मार्चच्या शेवटी नळी आणखी आवळली. आई आता लोकर डोळ्यांनी शोधायची नाहीच, थेट हातानं. सहल उरली ती सव्हानापर्यंतची. जोनेल गाडी घेऊन येणार होती. चौकातल्या ओकखाली बसायचं, कोळंबी खायची, अझेलियांचा रंग शिल्लक असेल तेवढा बघायचा, परत यायचं. निळा ड्रेस आईनं कपाटात मागं ढकलून दिला.

राहायचं ठरवायला रेनेटानं दुपारी एका साध्या खाणावळवजा घरात फोन लावला. वरच्या मजल्यावर तीन खोल्या भाड्यानं देतात म्हणे. ओपल उठली होती आणि टेबलाखाली बसून बाहुलीचे केस ओढत होती. फोनवर एक म्हातारा होता, घाईतला. खोली आहे, हो. छोटा पलंग मिळेल, हो. गाडी रस्त्यावर लावा.

"आणि आत यायचं कोणत्या दारानं?" रेनेटानं विचारलं.

विचारून झाल्यावर तिनं स्वतःचा आवाज ऐकला. समोर आई चाचपडत कपडे घडी करत होती. तिचे हात थांबले.

"दार?" म्हातारा गोंधळला. "एकच आहे, मॅम. का बरं?"

दातांच्या डॉक्टरांकडची ती पोरगी रेनेटाला आठवली, आणि बाकावरचं ते हसू.

"उघडतं का, तेही विचार," आई म्हणाली, आणि ओपलच्या एका मोज्याला जोडीचा मोजा हातानं शोधत राहिली.

टेबलाखालून ओपलनं बाहुली वर धरली. "आजी, ही पण येणार," ती म्हणाली. "हिनं कोणत्या दारानं यायचं?"